दाराची कडी लंडनच्याच हातात होती : ब्रिटनमधल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

२३ जून २०१६, गुरुवार. ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, याच्या सार्वमताचा दिवस. सकाळपासून पाऊस कोसळत होता. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या गल्लीच्या टोकाला, शाळेत मतदान केंद्र होतं. माझा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. एवढ्या पावसात त्याला कुठे न्यायचं, म्हणून शेजारच्या पोलिश ताईंकडे सोडला. त्या २००४ साली आल्या होत्या. बारा वर्षं पॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळी केलेली, बारा वर्षं कर भरलेला. पण त्यांना मत नव्हतं. माझ्या पर्समध्ये भारतीय पासपोर्ट होता, आणि मला मत होतं, कारण राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर मतदान करू शकतात. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युरोपातल्या बाकीच्यांना त्या सार्वमतात मत नव्हतं. ज्यांच्या राहण्याचा निकाल लागणार होता त्या घरी बसल्या, आणि मी छत्री घेऊन निघाले.

मी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने फुली मारली.

परत आले तेव्हा त्यांनी लेकाला जेवू घालून झोपवलं होतं. कोणाला मत दिलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सांगते आहे, कारण माझ्यासारखे आपल्यात पुष्कळ आहेत. लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या त्या दिवशीच्या पाहणीत आशियाई मतदारांपैकी तिघांत एकाने 'लीव्ह'ला मत दिल्याचं दिसलं होतं. आमच्या स्लाऊमध्ये ५४ टक्के लोकांनी तसंच मत दिलं. हे पत्र त्या मतदारांना आहे, आणि आता पुन्हा तोच हिशेब मांडू लागलेल्या सगळ्यांना आहे.

माझं कारण आधी सांगते. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. द्राक्षबाग आहे. माझा धाकटा भाऊ सप्टेंबर २०११ मध्ये इथे एमएससीला आला. बागेवर पतसंस्थेचं कर्ज काढून फी भरली होती. शिकून झाल्यावर दोन वर्षं पीएसडब्ल्यूवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करू देणाऱ्या व्हिसावर, नोकरी करायची, कर्ज फेडायचं आणि मग पुढचं पुढे, असा सरळ बेत. एप्रिल २०१२ मध्ये सरकारने पीएसडब्ल्यू बंद केला. जानेवारी २०१३ मध्ये मी त्याला हीथ्रोवर सोडायला गेले. तो बॅगेचं वजन पुन्हापुन्हा बघत होता, कारण माझ्याकडे बघायचं नव्हतं. कर्ज फिटायला पुढे सात हंगाम लागले, त्यातला एक गारपिटीत गेला.

आणि त्याच गल्लीत शेजारच्या ताईंचा भाऊ बसमध्ये बसून पोलंडहून आला, सोमवारी कामाला लागला. ना व्हिसा, ना इंग्रजीची परीक्षा, ना बँकेत पैसे दाखवणं. हे बघून पोटात तुटायचं. त्यांचा राग नव्हता, पण आमच्याच वाट्याला रांग का, हा प्रश्न होता. तो प्रश्न खोटा नव्हता, आजही मी त्याला खोटा म्हणणार नाही.

त्यात हापूसची भर पडली. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला, पेट्यांमध्ये फळमाशी सापडली म्हणून. लेस्टर आणि साउथॉलमधली दुकानं ऐन हंगामात रिकामी. तेव्हा आपण सगळे म्हणालो, की ब्रुसेल्समध्ये बसून हे कोण आमचा आंबा अडवणारे? पुढच्या जानेवारीत बंदी उठली आणि आंबा गरम पाण्याच्या प्रक्रियेतून यायला लागला. मधल्या काळात एक गोष्ट आपण कानाआड केली. बंदीला ब्रिटनच्या शेतीखात्याचाही पाठिंबा होता. इथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीला माशीचा धोका आहे, असं तेच सांगत होते. बोट ब्रुसेल्सकडे दाखवलं गेलं, आणि आपण त्या दिशेला बघितलं.

मग प्रचार सुरू झाला. प्रीती पटेल तेव्हा रोजगार खात्याच्या मंत्री होत्या. त्यांनी करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगितलं, युरोपातून येणाऱ्यांचा लोंढा थांबला की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल. बाहेरून आचारी आणायचा तर तेव्हा त्याला वर्षाला २९,५७० पौंड पगार द्यावा लागे, आणि रेस्टॉरंटमधून टेक-अवे चालत असेल तर आणताच येत नसे. हा जाच खराच होता. पण तो नियम कोणी केला होता? लंडनने. पीएसडब्ल्यू कोणी बंद केला? लंडनने. बायकोला किंवा नवऱ्याला इथे आणायचं तर १८,६०० पौंड कमाई दाखवा, ही २०१२ ची अट कोणाची? लंडनची. युरोपीय संघाबाहेरून कोणाला घ्यायचं, किती घ्यायचं, याच्यावर ब्रुसेल्सचा हात कधीच नव्हता. कडी पहिल्यापासून इथेच होती.

ही गोष्ट किती जुनी आहे, ते मला फार उशिरा कळलं. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या तेव्हाच्या रूपात, गेला, आणि त्याच दिवशी १९७१ चा इमिग्रेशन कायदा अमलात आला, ज्याने राष्ट्रकुलातल्या लोकांचं कामासाठी येऊन स्थायिक होणं जवळजवळ बंद झालं. एकाच दिवशी एक दार उघडलं आणि एक लागलं. तारीख एक असल्यामुळे आपल्या मागच्या पिढीला वाटलं, पाहुणे आले म्हणून आपल्याला उठवलं. पण आपल्याला उठवायचं काम १९६२ पासूनच चालू होतं. १९६८ मध्ये केनियातून निघालेल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्या भारतीयांना अडवायला घाईघाईने कायदा झाला, तेव्हा ब्रिटन सामायिक बाजाराच्या दारात उभा होता, आत नव्हता.

सार्वमतानंतर साडेचार महिन्यांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पंतप्रधान थेरेसा मे दिल्लीला गेल्या. युरोपबाहेरचा त्यांचा पहिला द्विपक्षीय दौरा होता. मी टीव्हीसमोर बसून होते, आता व्हिसाचं काही सांगतील म्हणून. व्यापार हवा होता, गुंतवणूक हवी होती. व्हिसा वाढवायची गोष्ट नव्हती. पीएसडब्ल्यू बंद झाला तेव्हा गृहमंत्री त्याच होत्या, हे मला तेव्हा आठवलं. मतदानाच्या आधी आठवायला हवं होतं.

आता पैशाचं बोलते. त्यातलं मला थोडं जवळून कळतं, कारण हीथ्रोजवळ एका फॉरवर्डिंग कंपनीत मी कस्टम क्लिअरिंगचं काम करते.

आधी एक कबूल करायला हवं. 'रिमेन'वाल्यांनीही, म्हणजे संघातच राहू म्हणणाऱ्यांनीही, घाबरवलं होतं. अर्थखात्याने सांगितलं होतं की बाहेर पडायचं मत झालं तर लगेच मंदी येईल, पाच लाख नोकऱ्या जातील. तसं झालं नाही. मंदी आली नाही, बेकारी उलट कमी झाली. त्यामुळे आपल्यातले बरेच जण अजून म्हणतात, बघा, काही झालं का? झालं, पण हळूहळू झालं. पहिला फटका तर गावाकडे पैसे पाठवताना आपल्या हातालाच बसला. मतदानाच्या दिवशी पौंड १०० रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबरमध्ये ८१-८२ वर आला. माझ्या आईच्या गोळ्यांचे पैसे तेवढेच पौंड पाठवून पुरेनात.

आणि 'लीव्ह'च्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं, की आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, त्याचं काय? मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली सूट त्यातून वजाच केली नव्हती. ती वजा होऊनच पैसे जायचे, आठवड्याला २५ कोटींच्या आसपास. त्यातलेही काही शेतकऱ्यांना आणि मागास भागांना परत यायचे. आकड्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असं मतदानाच्या आधीच सांगितलं होतं.

३१ डिसेंबर २०२० पर्यंत स्पेनहून टोमॅटोचा ट्रक निघाला की माझ्या टेबलावर काहीच यायचं नाही. पुण्याहून साताऱ्याला माल जावा तसा तो यायचा, एका बिल्टीवर. १ जानेवारी २०२१ नंतर त्याच ट्रकला एकेक करून तिकडची निर्यात घोषणा, इकडची आयात घोषणा, माल युरोपातच पिकल्याचा दाखला, आणि पुढे सुरक्षेची वेगळी घोषणा. ब्रिटनने स्वतःची तपासणी तर पाच वेळा पुढे ढकलली आणि ती २०२४ मध्ये सुरू केली, कारण महागाई वाढेल ही भीती सरकारलाच होती. या घोषणांचा व्यापाऱ्यांवर वर्षाला साडेसातशे कोटी पौंडांचा बोजा पडेल, असा अंदाज कर खात्याने २०१९ मध्येच दिला होता. मला यातून काम मिळालं, आमच्या कंपनीने चार माणसं नवीन घेतली. पण आम्ही चौघं-पाचजणी दिवसभर जे करतो त्याने एक टोमॅटो जास्त पिकत नाही. आमचा पगार शेवटी टोमॅटोच्या किमतीतच मिसळतो.

आपल्या खाण्यापिण्याचं उदाहरण देते. लेस्टरला आपल्या मिठाईवाल्यांचे कारखाने आहेत. पूर्वी दिवाळीला तिथून युरोपीय संघातल्या आयर्लंडला, डब्लिनच्या दुकानांत पेढे जायचे, जसे बर्मिंगहॅमला जायचे. आता पेढ्यात दूध आहे म्हणून प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र लागतं, अधिकृत पशुवैद्याची सही लागते. सही करणारा माणूस शुक्रवारी दुपारी मिळाला नाही तर माल सोमवारपर्यंत पडून. एका दिवाळीला मी असे बावीस खोके गोदामात बघितले. वासावरून कळत होतं की ते आता निघाले तरी उपयोग नाही. त्या मिठाईवाल्याने डब्लिनचं गिऱ्हाईक सोडलं.

लोणच्याचं आणखी वेगळं. मुंबईहून आलेल्या बरण्या इथे आयात शुल्क भरून सोडवल्या आणि त्यातल्या शंभर आयर्लंडला पाठवायच्या ठरवल्या, तर तिथे परत शुल्क लागू शकतं. कारण ब्रिटन आणि युरोपीय संघातला करार ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बनलेल्या मालाला सवलत देतो, आणि लोणचं भारतीय. फक्त पेटी फोडून वाटणी केली म्हणून ते ब्रिटिश होत नाही. 'शुल्कमुक्त करार' हे शब्द ऐकून आपले दुकानदार निश्चिंत होते. त्यांना हे पहिल्या बिलातच कळलं.

द्राक्षाचंही तसंच. भारतातून जाणाऱ्या द्राक्षांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नेदरलँड्स आहे, म्हणजे रॉटरडॅम बंदर. तिथे उतरलेल्या मालातला काही भाग मागणीप्रमाणे ट्रकने ब्रिटनला यायचा, अडचण नसायची. आता तिथे सोडवलेला माल इकडे आणायचा तर दुसऱ्यांदा सगळं. म्हणून भाऊ आता इंग्लंडचा माल वेगळा भरतो, युरोपचा वेगळा, आणि एकीकडे भाव चढला तर दुसरीकडचा माल तिकडे वळवता येत नाही. फवारणीच्या औषधाच्या अंशाच्या मर्यादा तर त्याला दोन्हीकडच्या सांभाळाव्याच लागतात. २०१० मध्ये एका रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, तेव्हाचा धसका आमच्या तालुक्यात अजून आहे. ब्रिटन बाहेर पडला म्हणून त्याची एक चाचणी कमी झालेली नाही.

काही जण म्हणतील, पण भारताशी करार झाला ना! झाला. २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, आणि भारताच्या जवळपास ९९ टक्के प्रकारच्या मालावरचं शुल्क ब्रिटनने काढायचं मान्य केलं. माझ्या भावाला त्याचा फायदा झाला तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. पण दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाने या कराराने देशाचं उत्पन्न दीर्घकाळात ०.१३ टक्क्याने वाढेल. सरकारी हिशेब तपासणारी अंदाजपत्रक संस्था, ओबीआर, सांगते की युरोपीय संघ सोडल्याने देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. दोन्ही मापं अगदी एक नाहीत, हे मला माहीत आहे. तरी त्यातली तफावत नजरेत भरण्यासारखी आहे. आणि करी रेस्टॉरंटवाल्यांना दिलेल्या शब्दाचं काय झालं? या करारात आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार, तिघे मिळून वर्षाला १,८०० जण. पूर्ण देशासाठी.

गावगर्दीचं बोलायचं राहिलं. स्लाऊमध्ये तेव्हा शाळेत जागा नव्हत्या, जीपीची, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी, एका खोलीत चार-चार भाडेकरू. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच लगेच पूर्ण दार उघडलं. सरकारसाठी केलेल्या अभ्यासात वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील असं म्हटलं होतं. आले लाखांनी. आमची नगरपालिका ओरडून सांगत होती की नवी माणसं मोजलीच जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरता निधी मिळत नाही. २००९ मध्ये अशा गावांसाठी एक निधी सुरू झाला, २०१० मध्ये नव्या सरकारने तो बंद केला. पोलिश ताई जो कर भरत होत्या तो लंडनला जात होता, आणि शाळेची खोली स्लाऊला हवी होती. सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने २०१८ मध्ये सांगितलं की युरोपातून आलेले लोक एकूण घेतात त्यापेक्षा जास्त देतात, आणि पगारावरचा त्यांचा परिणाम किरकोळ आहे. दिलेलं आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नाही. त्याचा जाब आपण ज्यांना विचारायचा त्यांना न विचारता शेजारणीला विचारला.

आणि 'युरोपियन' म्हणजे फक्त गोरी माणसं, असं धरून चाललो त्यात आपण आपल्याच घरातल्यांना विसरलो. स्विंडनला जाऊन बघा, साउथॉल-हाउन्सलोला बघा, किती गोंयकार आहेत! १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि त्या पासपोर्टवर ते इथे आले होते. भारतीय पासपोर्ट त्यासाठी सोडावा लागला, गावातल्या मतदारयादीतलं नाव गेलं. कायद्याने ते युरोपियन, आणि घरात कोकणी, देवळात मराठी आरती किंवा चर्चमध्ये लदीन. आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारे एक काका गोव्यातल्या साखळीचे. त्यांच्याशी मी नऊ वर्षं मराठीत बोलत होते, आणि फुली मारताना ते माझ्या डोक्यात आले नाहीत.

२०१९ पासून आयरिश सोडून बाकीच्या युरोपीय नागरिकांना इथे राहण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागला. काकांच्या आईचा अर्ज मी भरला. ॲप तेव्हा फक्त अँड्रॉइडवर चालायचं, म्हणून माझा फोन. पासपोर्टवर फोन ठेवून आतली चिप वाचायची, मग चेहरा दाखवायचा. त्या आजींचं वय ७८. फोन सरकला की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच त्यांनी विचारलं, "बाय, हांव चोरी करून आयल्यां व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. अर्जाची मुदत ३० जून २०२१ ला संपली. ज्यांनी वेळेत केला ते राहिले. काकांच्या गावातली पुढची पोरं आता पोर्तुगीज पासपोर्टवर इथे येऊन कामाला लागू शकत नाहीत. ती आयर्लंडची वाट धरतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, पण २०२१ नंतर आपली माणसं आलीच की. आली, आणि ते लपवायचं कारण नाही. युरोपातून येणारे आटले, गुण मोजून व्हिसा द्यायची नवी पॉइंटची पद्धत आली, पीएसडब्ल्यूसारखा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा आला, फेब्रुवारी २०२२ मध्ये केअरच्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळायच्या, कामाला व्हिसा खुला झाला. भारतीय सगळ्यांत पुढे गेले. युक्रेन आणि हाँगकाँगहूनही पुष्कळ आले. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात येणारे वजा जाणारे हा आकडा ९ लाखांवर गेला. सार्वमताच्या आधी तो ३ लाख ३० हजारांच्या आसपास होता आणि त्यावर एवढं रान उठलं होतं. ज्यांनी आपल्याबरोबर 'लीव्ह'ला मत दिलं होतं, त्यातल्या बहुतेकांना माणसं कमी हवी होती. पोलिशांच्या जागी भारतीय, असा बदल त्यांनी मागितला नव्हता. आपण एकाच कागदावर फुली मारली, पण मागणं एक नव्हतं.

मग कडी फिरू लागली. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणायला बंदी. मार्चपासून केअरवाल्यांना बंदी. एप्रिलपासून कुशल कामाच्या व्हिसाला पगाराची अट ३८,७०० पौंड, जुलै २०२५ पासून ४१,७००. केअरच्या कामासाठी बाहेरून माणसं आणणं त्याच जुलैत बंद. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्यसेवेचा हेल्थ सरचार्ज २०२४ पासून बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड. बाहेर पडल्यावर सगळ्यांना समान नियम येतील, हे आपलं मागणं पूर्ण झालं. पोलंडच्या मुलाला आता माझ्या भावासारखंच रांगेत उभं केलं जातं. भाऊ मात्र जिथे होता तिथेच आहे.

त्यात जी अडकली त्यांचं एक उदाहरण माझ्या घरात सहा आठवडे राहिलं. सांगलीकडची मुलगी, बीएस्सी नर्सिंग झालेली. एजंटला १४ लाख देऊन २०२३ मध्ये केअर व्हिसावर आली. ज्या कंपनीने सीओएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं स्पॉन्सरचं प्रमाणपत्र, दिला तिच्याकडे काम होतं आठवड्याला आठ-दहा तासांचं. मग कंपनीचं लायसन्स रद्द झालं. नवा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रोज पंचवीस-तीस ठिकाणी अर्ज टाकायची आणि आईला व्हिडिओ कॉल करताना पाठीमागे फ्रिज दिसेल असं बसायची, घर नीट आहे असं वाटावं म्हणून. अशी ती एकटी नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त लायसन्स रद्द झाली, ३९ हजारांवर कामगार त्या मालकांशी जोडलेले होते. शेजारच्या पोलिश ताईंना मालक वाईट निघाला तर त्या दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जात. हिचा व्हिसाच मालकाच्या खुंटीला बांधलेला. मोकळी ये-जा आणि हा व्हिसा, यातला फरक मला त्या सहा आठवड्यांत जेवढा कळला तेवढा कुठल्या वादविवादात कळला नव्हता.

आता आजचं. सरकारने २०२५ मध्ये कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे आयएलआरसाठी, पाचऐवजी दहा वर्षं थांबायचा प्रस्ताव आणला, केअरसारख्या कामांना तर पंधरा वर्षांची भाषा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्म यूके पक्षाचे नेते नायजेल फराज यांनी जाहीर केलं की त्यांचा पक्ष सत्तेत आला तर आयएलआर रद्दच करेल. आणि आपल्या ग्रुपवर मी काय वाचते? "आपण नियमाने आलो, हे केअरवाले आणि स्टुडंटवाले घुसलेत." "बरं झालं, थोडं कडक व्हायलाच पाहिजे." लिहिणारे बरेचसे माझ्याआधी आलेले, पासपोर्ट मिळालेले. दादांनो, ताईंनो, २०१६ मध्ये मी शेजारणीबद्दल हेच बोलत होते, शब्द फक्त थोडे सभ्य होते. ही केअरवाली पोरंसुद्धा नियमानेच आली आहेत, आणि उद्या आपल्याच आई-वडिलांना उठवून बसवणार आहेत.

माझं मागणं मोठं नाही. आयएलआरचे नियम आधीपासून इथे असलेल्यांना मागे जाऊन लावू नका, हे आपापल्या खासदाराला लिहा. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नाही त्यांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मत आहे, पण नोंदणी पुष्कळांनी केलेली नाही, ती करा. केअर व्हिसा एका मालकाला बांधू नका, हे पत्रात घाला. आणि युरोपशी जे पुन्हा जुळवून घेणं चाललं आहे, त्याला मोडता घालू नका. मे २०२५ मध्ये अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करण्याचा समझोता करायचं ठरलं, तो झाला तर पेढ्यांचे खोके पुन्हा वेळेत जातील. युरोपातल्या तरुणांसाठी व्हिसा योजनेची चर्चा आहे, त्यावर "त्यांच्या पोरांना का, आपल्या का नाही" हे लगेच सुरू झालं आहे. आपल्या पोरांसाठी वर्षाला ३,००० जागांची लॉटरी आहे. ती वाढवा, हे जरूर मागू या. त्यांच्या जागा कमी करून आपल्या वाढत नाहीत, एवढं मला माझ्या भावाच्या आणि माझ्या मताच्या किमतीत कळलं आहे.

पोलिश ताई २०१८ च्या ऑगस्टमध्ये परत गेल्या. व्हॅन भरून झाल्यावर त्यांनी लेकाची जुनी वाटी आणून दिली, जी त्या मतदानाच्या दिवशी त्यांच्याकडे राहिली होती. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी तेव्हाही त्यांना सांगितलं नाही. हे पत्र छापून आलं की पोलिश भाषेत करून त्यांना पाठवणार आहे.

पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या मंडळाची बैठक आहे. मी मतदार नोंदणीचे फॉर्म आणि खासदाराला लिहायच्या पत्राचा मसुदा घेऊन येते आहे. सांगलीची मुलगी आता दुसरीकडे कामाला लागली आहे, तीही येणार आहे. तिच्यासारख्या अजून तिघी आहेत. त्यांना कामाच्या ठिकाणाहून आणायला गाडी लागेल, कोणाला जमत असेल तर कळवा.

तुमची,
निफाडची एक लेक, मुक्काम स्लाऊ